डाव्या शिवणीतल्या चार ओळी

३ ऑक्टोबर

टाचणीस,

पत्ता बदलला नसेल असं धरून लिहिते. बदलला असेल तर पाकीट परत येईल, मग बघू.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच भलती शंका घेऊ नकोस. अठरा वर्षांपूर्वीच्या तुझ्या ऑपरेशनची फाइल तू जाताना घेऊन गेलीस. तिच्यातल्या लॅबच्या शेवटच्या रिपोर्टची झेरॉक्स मला हवी आहे. ‘सख्ख्या बहिणीला अंडाशयाची गाठ होती का? कुठल्या प्रकारची?’ असा प्रश्न इथल्या फॉर्मवर आहे. मी ‘होती’ असं लिहिलं आणि प्रकार आठवेल तसा लिहिला. डॉक्टर म्हणाल्या, आठवणीवर नको, कागद आणा.

म्हणजे आता मलाही झाली आहे. डाव्या बाजूला, चौदा सेंटिमीटर. आपल्या हिशोबात साडेपाच इंच.

कशी कळली ते ऐकून तू हसशील. बाकी कुणी हसलं नाही.

गेल्या महिन्यात काजबाईंनी माझा कामाचा काळा स्कर्ट इस्त्रीला घेतला. (काजबाई अजून दुकानात आहेत. डोळे अधू झालेत, पण काजं हाताच्या अंदाजाने सरळच पडतात.) स्कर्ट उलटा करून त्या म्हणाल्या, “डावी शिवण कितीदा उसवलीस गं पोरी?” मी म्हटलं, एकदा. त्यांनी कापड खिडकीपाशी नेलं आणि बोट फिरवून मोजलं. जुन्या टाक्यांच्या भोकांच्या चार ओळी होत्या, पाव-पाव इंचावर. उजव्या शिवणीत एकच.

चारही वेळा मीच उसवली होती. आठवायला बसले तेव्हा आठवलं. दुसऱ्या कुठल्याही बाईला स्कर्ट घट्ट झाला असता. घट्ट झाला की माणूस विचार करतो, जेवण कमी करतो, आरशासमोर उभा राहतो, फार तर डॉक्टरकडे जातो. मला तो कधी घट्ट झालाच नाही. जरा ओढ बसली की दुपारी मशीन मोकळं बघून पाव इंच सोडायचं, टीप मारायची, पुढच्या कामाला लागायचं. शिवणीत दीड इंच जादा कापडाची माया सोडायची आईची शिस्त, त्यामुळे कापडही कधी संपलं नाही. हाताला सवय अशी की डोक्यापर्यंत बातमी पोचलीच नाही. शिंपिणीशिवाय हा गाढवपणा दुसऱ्या कुणाला जमला नसता.

आणि मापाचं पुस्तक. स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही, हात हलला की कंबर हलते, हा आपल्या दुकानाचा नियम. वर्षाच्या पहिल्या तारखेला मी तुझं घ्यायचे, तू माझं. माझ्या पानावर शेवटचं माप तुझ्या अक्षरात आहे. कंबर एकतीस. त्याला आता सहा वर्षं होतील. मधल्या काळात काजबाई दोनदा टेप घेऊन आल्या होत्या, मी त्यांना हुसकून लावलं.

शिवणीतल्या ओळी मोजल्या त्याच दुपारी काजबाईंनी मला धरून दवाखान्यात नेलं, स्कर्टही पिशवीत घातला. डॉक्टरांनी विचारलं, “पोट कधीपासून मोठं वाटतंय?” मी म्हटलं, वाटलंच नाही. काजबाईंनी स्कर्ट टेबलावर पसरला. पहिली ओळ गणवेशांच्या कामाच्या गर्दीतली, दुसरी त्यानंतर चार महिन्यांनी, अशा मी तारखा लावत गेले आणि डॉक्टरांनी त्या खरोखर लिहून घेतल्या. चौदा महिने, असं कागदावर आलं. दुखणं नाही, पाळी वेळेवर. थोडं खाल्लं की पोट भरायचं आणि सारखं बाथरूमला जावं लागायचं, ते मी वयाच्या खात्यात टाकलं होतं.

रिपोर्ट तेवढा पाठव. सोबत पत्र नसलं तरी चालेल.

ताई


१९ ऑक्टोबर

टाचणीस,

पाकीट मिळालं. मी एक पान मागितलं होतं, तू अकरा पाठवलीस. चिठ्ठी नाही. संमतीपत्र सगळ्यात वर, आणि माझ्या सहीशेजारी टाचणी टोचलेली. चूक दिसली की बोलायचं नाही, तिथे टाचणी टोचून पुढे सरकायचं, ही तुझी दुकानातली खोड. आईने नाव उगाच नव्हतं ठेवलं.

सही माझीच आहे. ती मी कधी नाकारली नाही. तू विचारलं नव्हतंस, म्हणून सांगितलं नव्हतं.

रिपोर्टचं काम झालं. ‘दोन्ही बाजूंना डर्मॉइड, निरुपद्रवी.’ सर्जनबाईंनी वाचून बाजूला ठेवला. म्हणाल्या, तुमची वेगळ्या जातीची दिसते. या सर्जनबाई तुझ्याच वयाच्या असतील. नखं बारीक कापलेली, बोलणं मोजूनमापून, विचारल्याशिवाय धीर देत नाहीत. मला आवडल्या.

त्यांनी कागदावर दोन गोल काढले. पहिला नुसताच गोल. ती साधी गाठ, म्हणजे पातळ सालीची पाण्याची पिशवी. पाळी चालू असलेल्या बायकांना अशा कितीतरी होतात आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात, कुणाला पत्ताही लागत नाही. दुसऱ्या गोलात त्यांनी आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि एका रेघेवर बोंडासारखं काहीतरी काढलं. ती माझी. आत पडदे आहेत, कप्प्यात कप्पा, आणि एका पडद्यावर घट्ट कोंब आहे. सोनोग्राफीत त्या कोंबात रक्त वाहताना दिसतं. असल्या गाठीला कॉम्प्लेक्स म्हणतात.

मी सरळ विचारलं, “म्हणजे कॅन्सर?”

“म्हणजे आत निव्वळ पाणी नाही, एवढंच. रक्त असेल, साकळून चॉकलेटसारखं झालेलं जुनं रक्त असेल, बहिणीसारखी चरबी आणि केस असतील. बहुतेक कॉम्प्लेक्स गाठी कॅन्सरच्या नसतात. काही असतात. तुमचा कोंब आणि त्यातलं रक्त मला आवडलेलं नाही.”

“मग सुई घाला आणि थोडं काढून बघा,” मी म्हटलं. सुईचं मला कसलं भय.

“तेच करायचं नाही. कॅन्सर असला आणि सुईने गाठ गळली तर आतलं पोटभर पसरतं. आज पिशवीत आहे ते पिशवीतच बाहेर यायला हवं.”

मग रक्ताची एक तपासणी झाली. पस्तीसपर्यंत ठीक धरतात, माझा आकडा अठ्ठेचाळीस. मी विचारलं, याला किती घाबरायचं? त्या म्हणाल्या, नुसत्या या आकड्यावर काहीच ठरवायचं नाही, पाळीच्या दिवसांतसुद्धा तो वाढतो, आणि कधीकधी कॅन्सर असून वाढत नाही. म्हणजे टेप आहे, पण रबराची. मी तसं म्हटल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. एमआरआय करायला सांगितलाय.

काजबाईंनी एक सोडून दहा जणींना सांगून ठेवलंय. येणारी प्रत्येक बाई मापाआधी माझ्या पोटाकडे बघते. एकीने तिच्या नणंदेची गाठ नुसत्या गोळ्यांनी गेली असं ठासून सांगितलं. मी सर्जनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नणंदेची साधी असेल, ती तशीही गेली असती.

तू हे वाचतेस की नुसतं पाकीट ठेवून देतेस, मला माहीत नाही. मी लिहीत राहते. लिहिलं की डोकं जागेवर राहतं.

ताई


२ नोव्हेंबर

टाचणी,

एमआरआय झाला. नळीत पाऊण तास निपचित पडायचं, वर खटखट चालू. आपलं जुनं काजाचं मशीन बिघडायचं तेव्हा तसाच आवाज यायचा.

गाठीला एक ते पाच असा नंबर देतात. मला चार मिळाला. शाळेत मिळाला असता तर आई खूश झाली असती. चार म्हणजे अशा शंभर बायकांत कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास जणींना कॅन्सर निघतो. दहा कुठे आणि पन्नास कुठे. एवढ्या ढगळ अंदाजावर मी कुणाचा ब्लाऊज बेतला असता तर गिऱ्हाइकाने तो तोंडावर फेकला असता.

ऑपरेशन एकवीस तारखेला आहे. पोटावर उभा छेद, कारण गाठ न फोडता अख्खी काढायची आहे. डावं अंडाशय नळीसकट जाणार. मी टेबलावर असतानाच ते लॅबमध्ये जातं, तिथे गोठवून पातळ काप काढतात आणि अर्ध्या तासात उत्तर देतात. निरुपद्रवी आलं तर पोट शिवून मोकळं. कॅन्सर आला तर गर्भाशय, उजवं अंडाशय, आजूबाजूचं जे लागेल ते काढायचं. पण तिसरंही एक उत्तर येतं, ‘नक्की सांगता येत नाही.’ एवढ्या मोठ्या गाठीत ते बऱ्याचदा येतं. मग पक्क्या रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतात. मधल्या वेळेत उजव्या अंडाशयाचं काय करायचं हा प्रश्न उरतो.

फॉर्मवर एक रकाना आहे, ‘ऑपरेशन चालू असताना बाहेर उपलब्ध असणारी जवळची व्यक्ती’. काजबाई म्हणाल्या, माझं नाव घाल. पण नातं लिहायचं आहे. मी रकाना रिकामा ठेवून फॉर्म घरी आणला. गेले आठ दिवस तो कात्रीखाली पडून आहे.

तू येशील का, असं विचारायचं आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तू विचारलं होतंस. शुद्धीवर आल्यावर, ओठ सुकलेले असताना, पहिला प्रश्न तोच होता. “दुसरं ठेवलंय ना?” मी म्हटलं, डॉक्टरांनी ठरवलं, मी काय करणार. नंतर बारा वर्षं तेच म्हणत राहिले. सहा वर्षांपूर्वी तू फाइल उघडलीस, सही पाहिलीस आणि बॅग भरलीस. तेव्हाही मी दारात उभी राहून म्हणाले की डॉक्टरांनी सही करा म्हटलं, मी केली. तुला वाटलं असेल एवढंच खरं असेल. ते एवढंच नाही.

तुझ्या उजव्या अंडाशयाला पीळ बसून ते काळं पडलं होतं. ते जाणारच होतं, त्यात कुणाचा दोष नाही. डॉक्टर बाहेर आले ते डाव्याबद्दल विचारायला. हिरवे कपडे, मास्क हनुवटीखाली ओढलेला. ते म्हणाले, “डाव्या बाजूलाही गाठ आहे, लिंबाएवढी, आत घट्ट भाग लागतो. गोठवून तपासायची सोय आमच्याकडे नाही. आता दोन मार्ग आहेत. डावं तसंच ठेवून पोट बंद करतो. उजव्याचा रिपोर्ट आठ दिवसांत येईल, ती शुद्धीवर असेल, तिच्याशी बोलून ठरवू. कदाचित नुसती गाठ सोलून अंडाशय वाचवता येईल. किंवा आत्ताच काढून टाकतो. घाई नाही, दोन मिनिटं विचार करा.”

मी दोन मिनिटं घेतली नाहीत. मी म्हटलं, “काढून टाका. पुन्हा उघडायचं नाही.”

आई आतड्याच्या ऑपरेशनला पहिल्यांदा आत गेली तेव्हा हसत परत आली होती. आठ दिवसांनी दुसऱ्यांदा नेली, ती परत आली नाही. तू तेरा वर्षांची होतीस, तुला मी बाकावर बसू दिलं नव्हतं. मी बसले होते. त्या डॉक्टरांनी ‘आठ दिवस’ म्हटलं आणि मला पुढचं ऐकू आलंच नाही. मी घाबरले होते. घाबरले होते हे मी आजवर कुणापाशी कबूल केलेलं नाही, कारण सगळे मला खंबीर म्हणत होते, आणि मला ते आवडत होतं.

रिपोर्ट आला. चरबी, केस, एक दात. आठ दिवस थांबले असते तर डावं राहिलं असतं. बाविसाव्या वर्षी तुझी पाळी गेली. भर थंडीत तू पंखा लावून बसायचीस आणि मी वर तोंड करून म्हणायचे, जीव वाचला हे काय कमी आहे. गोळ्या, हाडं, आणि ते बघायला आलेलं स्थळ, ज्याला तू सगळं खरं सांगितलंस आणि जे परत फिरकलं नाही. मला प्रत्येक वेळी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

आता तुला कळलं. हे वाचून तू आली नाहीस तर मी काजबाईंना मावशी म्हणून लिहीन. पण खोटं बोलून तुला बाकावर बसवायचं माझ्याने होईना.

आलीस तर एक मागणं आहे. तिसरं उत्तर आलं तर उजव्याचं तू ठरव. काढायला सांगितलंस तरी माझी तक्रार नाही. फिटंफाट होईल.

ताई


१२ नोव्हेंबर

टाचणी,

तुझं पत्र आलं. सहा वर्षांनी पाच ओळी. पाठ झाल्या, तरी उतरवून काढते, मूळ कागद पाकिटात जपून ठेवलाय.

‘वीस तारखेला दुपारच्या बसने येते. फिटंफाट वगैरे डोक्यातून काढ, मी काही सूड घ्यायला येत नाही आणि माफ करायलाही येत नाही. तुझ्या पोटाचं उत्तर मी देणार नाही. तुझं तू शुद्धीवर असताना लिहून ठेव. मला कुणी ते लिहायला सांगितलं नव्हतं.’

वाचून मी दुकान बंद केलं आणि मागच्या खोलीत बसले. काजबाई दार वाजवत राहिल्या. मी तासभर रडले. हे तुला कळावं म्हणून लिहितेय, तू माघार घ्यावीस म्हणून नाही.

मग काल सर्जनबाईंकडे गेले. म्हटलं, मला ठरवायचं आहे, नीट समजावून सांगा. पहिल्या दमात मी म्हणाले होते, सत्तेचाळीस वय, लेकरं-बाळं नाहीत, सगळं काढा आणि विषय संपवा. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, एक घाव दोन तुकडे. त्या म्हणाल्या, तसं करता येतं. बऱ्याच बायका तेच निवडतात आणि ते चुकीचं नाही. पण तुमची पाळी चालू आहे. उजवं अंडाशय सोनोग्राफीत चांगलं आहे. ते अजून तीन-चार वर्षं काम करील, हाडांना आणि हृदयाला त्याचा उपयोग आहे. एकदम बंद पडलं तर त्रास होतो.

“काय त्रास?” मी विचारलं. माहीत होतं, तरी विचारलं.

त्यांनी सांगितलं. गरम वाफा, झोप उडणं, चिडचिड, सांधे, कोरडेपणा. मी बारा वर्षं त्या यादीशेजारी बसून शिवत होते आणि एकदाही तुला विचारलं नाही की तुला कसं होतं.

“आणि ठेवलं, आणि मागून रिपोर्ट वाईट आला तर?”

“तर दुसरं ऑपरेशन.”

“लोक दुसऱ्या ऑपरेशनमधून परत येतात का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बहुतेक सगळे येतात. तुमचं कोण आलं नाही?”

मी आईचं सांगितलं. त्यांनी तो आजार वेगळा होता, आतडं फुटून विष भिनलं असेल, वगैरे समजावलं. समजलं सगळं, भीती काही गेली नाही. ती तशीच घेऊन घरी आले.

आज सकाळी कागद लिहिला. तीनदा फाडला. चौथा सर्जनबाईंनी फाइलला लावून घेतला. असा आहे: ‘कॅन्सर नक्की दिसला तर जे लागेल ते काढावं. नक्की नसेल तर डाव्या बाजूचं काम झाल्यावर पोट बंद करावं आणि मला शुद्धीवर आणून विचारावं. दुसरं ऑपरेशन लागू शकतं हे मला माहीत आहे.’ शेवटच्या वाक्याचं अक्षर काजबाईंचं वाटतं.

रकान्यात तुझं नाव घातलं. नातं, बहीण.

मागच्या खोलीतली तुझी खाट मोकळी केली आहे. तिच्यावर अस्तराचे तागे होते.

ताई


९ डिसेंबर

टाचणे,

टाके निघाले. उभी शिवण, सात इंच. सर्जनबाईंचा हात बरा आहे, पण खालच्या टोकाला एक चुणी आलीय. मी त्यांना दाखवली. त्या म्हणाल्या, ती निवळेल. मी म्हटलं, आम्ही गिऱ्हाइकाला हेच सांगतो.

दवाखान्यातले पाच दिवस तू पाहिलेस, ते परत लिहीत नाही. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर काय झालं याची तू ताकास तूर लागू दिली नाहीस. काजबाई परवा बोलल्या. त्या तुझ्या शेजारीच बसल्या होत्या.

त्या म्हणाल्या, दीड तासाने सर्जनबाई बाहेर आल्या. मास्क हनुवटीखाली. त्यांनी तुला सांगितलं, लॅबला नक्की सांगता येत नाही, गाठ सीमेवरची वाटते. पक्कं दहा दिवसांनी कळेल. तुमच्या बहिणीने लिहून दिलंय ते माझ्या हातात आहे, त्याप्रमाणेच करणार. पण आत्ता पोट उघडं आहे, पुढे परत उघडावं लागू शकतं, हे घरच्या माणसाला सांगणं माझं काम आहे. तुमचं काही म्हणणं?

काजबाई सांगत होत्या, त्यांनाच वाटलं की आता ही म्हणणार, एकदाचं संपवा. त्यांनी तुझा हात धरायला हात पुढे केला होता.

तू म्हणालीस, “तिला उठवून विचारा.”

मग उठून व्हरांड्याच्या टोकाला नळ आहे तिथे गेलीस आणि बराच वेळ नळ चालू होता. परत आलीस तेव्हा डोळे लाल होते, असं काजबाई म्हणतात. त्यांच्या नजरेचा काही भरवसा नाही, पण त्या म्हणतात म्हणून लिहिते.

तीन शब्द आहेत. मी मोजले. तसल्याच बाकावर मी बसले होते, मला डॉक्टरांनी वर दोन मिनिटं दिली होती. ‘काढून टाका’ म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढाच हे म्हणायला लागला असता. तू तेव्हा बावीस वर्षांची, आतमध्ये जिवंत होतीस, तुझं तुला ठरवता आलं असतं. मी तुला विचारलं नाही. टाचणी, माझं चुकलं. डॉक्टरांचं नाही, भीतीचं नाही, माझं. हे मी तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. पाच दिवस तू उशाशी होतीस आणि मला पाणी मागण्यापलीकडे काही बोलता आलं नाही.

पक्का रिपोर्ट दहाच्या जागी सोळा दिवस घेऊन परवा आला. सीमेवरचीच आहे. बॉर्डरलाइन म्हणतात, म्हणजे कॅन्सर नाही आणि अगदी साधीही नाही. सगळी डाव्या अंडाशयातच होती, साल कुठे फुटलेली नाही. पोट धुतलेलं पाणी आणि आतल्या चरबीच्या पडद्याचा तुकडा तपासला, त्यात काही नाही. सर्जनबाईंनी मला समोर बसवून दोन्ही मार्ग सांगितले, उजवंही काढायचं किंवा ठेवून लक्ष ठेवायचं. ठेवलं तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, चुकवायची नाही. मी म्हटलं, दोन मिनिटं द्या. त्या थांबल्या. मी खरंच दोन मिनिटं घेतली, भिंतीवरचं घड्याळ बघून. मग म्हटलं, ठेवा. पहिली सोनोग्राफी दवाखान्यातून सोडतानाच दहा जूनला लावून ठेवली होती, तीच कायम.

आता दुसरं. तू निघालीस त्या दिवशी दुपारी मला घरी आणून खाटेवर टेकवलंस, फळीवरून मापाचं पुस्तक काढलंस आणि म्हणालीस, “उभी राहा.” मी उभी राहिले. तू टेप लावलीस, टाक्यांच्या जरा वरून, अगदी सैल. तुझे हात गार होते. आकडा लिहिलास, पुस्तक मिटलंस आणि बॅग उचलून बस पकडायला गेलीस. मी पुस्तक उघडायचं धाडस केलं नाही. आज उघडलं.

कंबर एकतीस आणि पाव. पाव इंच सुजेचं असेल. काळ्या स्कर्टच्या शिवणी आता आत घ्याव्या लागतील, भोकं मात्र दिसत राहतील, त्या कापडाची भोकं बुजत नाहीत.

दवाखान्यातून सोडताना सर्जनबाई दहा जूनचं बोलल्या तेव्हा तू खिडकीपाशी पाठ करून उभी होतीस. मला वाटलं तुझं लक्ष नाही. मापाच्या पानावर शेवटचा रकाना असतो, ‘पुढची ट्रायल’. आपण एकमेकींच्या पानावर तो कधीच भरला नाही, तो गिऱ्हाइकांसाठी. तू त्यात दहा जून लिहिलंयस.

त्या दिवशी दुकान बंद ठेवते. सोनोग्राफी सकाळी अकरा वाजता आहे, दुपारची बस उशिरा पडेल. आदल्या दिवशीच ये.

ताई